ताटाला कोण विचारतं

मी जे बनवत होते ते डोळ्यांना दिसत नव्हतं. घरच्यांना हे समजावून सांगणं म्हणजे सौंसरच्या बसस्टँडवर उभं राहून, आपण हवा विणतो, असं जाहीर करण्यासारखं होतं. माणसाचा एक केस घ्या, तो उभा चिरा, पुन्हा चिरा, बोटं सुजेपर्यंत चिरत बसा. मग जे उरेल तेवढ्या जाडीचा थर मी नखाएवढ्या चकतीवर चढवत असे. थराचं नाव बेरियम टायटॅनेट. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्यासाठी खोलीभर यंत्र होतं. चकती सातशे अंशांच्या आसपास तापवायची, लेझरनं त्या पदार्थाला झोडपून काढायचं, तो वाफ होऊन चकतीवर जाऊन बसला की सगळं थंड होऊ द्यायचं. एवढंच काम. एवढ्याच कामात माझे पहिले काही पांढरे केस आले, आणि ते मी चिरायला वापरले नाहीत हा माझा मोठेपणा.

या पदार्थाच्या आत, समजा, विजेच्या अब्जावधी सुया असतात. वरून विजेचा दाब दिला की सुया वर तोंड करतात, उलटा दिला की खाली. दाब काढून घेतला तरी वळलेल्या तशाच राहतात. म्हणजे आठवण ठेवतात, आमच्या आत्यासारखी. तिला वीस वर्षांपूर्वी कोणत्या लग्नात कोणी तिला पंगतीत शेवटी बसवलं हे अजून पाठ आहे. सुया अशा उलटसुलट झाल्या की संगणकाच्या पडद्यावर एक फुगीर लूप उमटतो. तो लूप म्हणजे माझी पीएचडी.

माझ्या थराला मात्र दोन रोग होते. एक, तो थंड होताना तडकायचा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की कापसाचं वावर वैशाखात जसं भेगाळतं तसा. आणि दुसरा, त्याच्या सुया उभ्याच राहायच्या नाहीत. आडव्या पडून राहायच्या, दुपारच्या जेवणानंतरच्या तहसील कचेरीसारख्या. वरून कितीही दाब द्या, पडद्यावर लूपऐवजी एक मरतुकडी तिरपी रेघ.

ही रेघ मला महागात पडणार होती. पांढुर्ण्याच्या एका सरकारी कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होते, पण नोकरीला नव्हते. आमच्या मध्य प्रदेशात अशा माणसाला अतिथी विद्वान म्हणतात. विद्वान हे तोंडदेखलं. खरा शब्द अतिथी. कोणी पीएचडीवाला त्या जागेवर आला की अतिथीनं चहाचा कप खाली ठेवून निघायचं. आणि माझ्या पीएचडीचं असं झालं होतं की संक्रांतीनंतरच्या आठवड्यात तीन जणांची समिती बसणार होती. तोवर एक तरी न तडकलेला, लूप दाखवणारा थर समोर ठेवायचा, नाहीतर नोंदणी रद्द. नोंदणी गेली की पीएचडी गेली, पीएचडी गेली की कॉलेज गेलं. मग मी सौंसरला आईजवळ बसून संत्र्यांच्या फाकी मोजणार.

आई सौंसरची, घरही सौंसरचं. शिकवायचे तीन दिवस मी पांढुर्ण्याला आत्याकडे राहायची, दोन-तीन दिवस नागपूरला, उरलेला वेळ बसमध्ये. या त्रिकोणात मी इतकी फिरले की रस्त्यातले खड्डे मला नावानिशी ओळखत होते.

आईनं माझी अडचण ऐकली आणि तिच्या परीनं निकाली काढली.

"तुह्या त्या सुया उभ्या होऊन नाही राहिल्या ना? मंग जामसांवलीच्या मारुतीले नवस बोलून टाकला आपण."

"आपण? मी तर इथं आहे."

"तुह्या नावानं. सुया उभ्या झाल्या की तू सौंसरहून जामसांवलीले अनवाणी जाशीन, आणि तुह्या आत्याच्या हातच्या तिळपापडीचा परसाद वाटशीन."

मी कपाळाला हात लावला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, जामसांवलीचा मारुती आडवा आहे. निवांत पहुडलेला.

"अवं आई, तो देव सोताच झोपून राहिला. त्याच्याजवळ सुया उभ्या करून मागायच्या?"

"झोपला म्हणून का झालं? ऐकून तर राहिला ना!"

मी विज्ञानाकडे वळले.

विज्ञानाकडे म्हणजे माझ्या पीएचडीच्या सरांकडे. सर चांगले होते, फक्त त्यांना संशोधनाच्या प्रस्तावाचं वेड होतं. कोणताही प्रश्न विचारा, सर चष्मा वर करून म्हणायचे, "प्रस्तावात काय लिहिलं आहे?" आणि प्रस्तावात लिहिलं होतं की हा थर सिलिकॉनच्या चकतीवर बसवू. सगळ्या जगातल्या चिपा सिलिकॉनच्या, म्हणून आपलाही थर सिलिकॉनवर. तेव्हा मी आणि सर मिळून दोष दिला तो थंड करण्याच्या घाईला. त्यात माझी चोरी होतीच. सौंसरची शेवटची सोयीची बस गाठायची म्हणून मी कित्येकदा भट्टीला घाईघाईत थंड केलं होतं. म्हणून मी सुधारले. इतकं हळू थंड करू लागले की नवी बाळंतीण माडीवरून उतरावी तसं. एकेका अंशाला निरोप देत बसायची. बसा चुकल्या, डबे आंबले, एकदा तर भट्टी गार होईस्तोवर बाहेर कडुनिंबाला नवी पालवी फुटली, असं मला तरी वाटलं. चकती काढून पाहिली तर थर तडकलेला, सुया झोपलेल्या.

चकतीवर संशय घ्यावा असं आमच्या मनात येत नव्हतं. चकती म्हणजे ताट. जेवण बिघडलं तर आपण भाजीला नावं ठेवतो, भाजीवालीला ठेवतो, फारच झालं तर सुनेला. ताटाला कोण विचारतं? आणि गंमत अशी की मला सगळं ठाऊक होतं. प्रत्येक पदार्थ तापला की आपल्या मापानं फुगतो आणि निवला की आपल्या मापानं आकसतो, हे मी कॉलेजात रेल्वेच्या रुळांचं उदाहरण देऊन शिकवत होते. पांढुर्ण्यात वर्गाच्या खिडकीतून गाडीची शिट्टी ऐकू येते, तेव्हा उदाहरण फुकटात वाजवूनही दाखवता येतं. पोरं लिहून घेत होती. मीच लिहून घेतलं नव्हतं.

संक्रांतीच्या चार दिवस आधी मी आत्याकडे होते. यंत्रावर माझी एकच पाळी उरली होती, दोन दिवसांनी. सरांनी ती सिलिकॉनसाठी लावून ठेवली होती, आणखी हळू थंड करायच्या सूचनेसकट. आणखी हळू म्हणजे आता काळ उलटाच चालवावा लागणार होता.

आत्या म्हणजे वडलांची मोठी बहीण. तिची तिळपापडी पांढुर्ण्यात प्रसिद्ध आहे. इतकी पातळ की डोळ्यांसमोर धरून पलीकडचा पेपर वाचावा. मोठे मथळेच नाही, राशिभविष्यसुद्धा. पितळी परात उपडी घालायची, तिच्या पाठीवर तूप फासायचं, गुळाच्या कडक पाकात तीळ घोळून उकळता गोळा त्यावर टाकायचा आणि पाक गरम आहे तोवर लाटण्यानं सपासप पसरायचा. हात चुकला तर कातडी निघते. आत्याच्या हाताला तीस वर्षांत फोड आलेला नाही. पाकच घाबरतो.

मी नागपूरहून तिच्यासाठी भेट आणली होती, काचेचा मोठा चौकोनी ट्रे. दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, फ्रिजमधून काढा, ओव्हनात घाला, तडकणार नाही, ही काच तापून फुगतच नाही. आत्यानं तो उलटसुलट करून पाहिला.

"काचेवर पापडी? का व, परातीनं तुह्यं का बिघडवलं?"

"आत्या, जमाना बदलून राहिला."

"बरं. अर्धी परातीवर, अर्धी तुह्या जमान्यावर. तूप लाव दोन्हीले."

तुपाची वाटी माझ्या हातात होती. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या, आणि येताच त्यांनी ते विचारलं जे पांढुर्ण्यात मला सगळेच विचारायचे.

"का व पोरी, तुह्यं ते पीएचडी सुरूच हाय का अजून?"

अतिथी विद्वानाला असा प्रश्न विचारू नये. मी सुरू झाले. थर, सुया, दाब, लूप, हातवारे. वाटीतलं तूप माझ्या हातवाऱ्यांनी काकूंच्या पदरावर, खांबावर आणि मांजरीवर गेलं. परातीवर आणि ट्रेवर तेवढं गेलं नाही. आत्यानं न पाहता दोन्हींवर पाक ओतला, लाटला आणि हात पुसत बसली.

जरा वेळानं आवाज आला. टक्.

मग टक् टक्. मग चुलीत ओली लाकडं घातल्यासारखा ताशा. आम्ही तिघी वाकून पाहू लागलो. काचेच्या ट्रेवरच्या पापडीला एका कोपऱ्यातून रेघ गेली, तिला दुसरी आडवी, तिला तिसरी. पाहता पाहता भेगाळलेलं वावर तयार. अगदी ते. माझ्या सूक्ष्मदर्शकातलं वावर, फक्त तीळ घातलेलं. मांजर उठून गेली.

"तूप नाही लावलं तिनं!" आत्या ओरडली. "चिकटून बसली पापडी! सुया सांगून राहिली होती!"

परातीवरही तूप नव्हतं. तिथंही पापडी घट्ट चिकटली होती. आत्यानं उलथनं घालून पाहिलं, हलेना. पण तडा? एकही नव्हता. अखंड, चकचकीत, आत्याच्या बांगड्या दिसाव्यात अशी.

मी म्हटलं, "आत्या, पाक एकच होता?"

"एकच कढई. मंग?"

"लाटणं तेच?"

"तुह्या डोक्यात घालाचं तेच."

"मग काच लवकर थंड झाली असेल." माझं तोंड अजून सवयीनं घाईवरच दोष टाकत होतं. "आत्या, अजून एकदा कर. काचेवर. तूप न लावता."

आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू संक्रांतीला घरात येडी पोरगी निघाली. पण कढईत पाक उरला होता, तो तिनं पुन्हा तापवला. मी ट्रे धुऊन पुसून, गरम पाण्यानं शेकून पुढे केला. पाक पडला, लाटला, आणि मी वरखाली दोन गोधड्या घालून ट्रे पाळण्यातल्या बाळासारखा गुंडाळला. काकूंनी आणखी एक स्वेटर दिला. आता याहून हळू थंड होणं या जगात शक्य नव्हतं. तासभर आम्ही गोधडीभोवती बसलो. काकू तर हळू आवाजात बोलायला लागल्या.

तास झाला आणि गोधडीच्या आतून आवाज आला. टक्.

काकू म्हणाल्या, "बापा!"

मी गोधड्या उचलल्या. तेच वावर.

"मी सांगू का तुले," आत्या म्हणाली, वैतागून, तीळ वाया गेले म्हणून, "पाक तोच, हात तोच. काचेले मायाच नाही. पापडी आकसते तशी परात बी जराशी आकसते, संगं जाते तिच्या. हे तुह्यं काचेचं ढिम्म बसून राहते. मंग तडकन नाही तर का करन ते?"

मी दोन वर्षं ज्या वाक्यावर बसले होते ते वाक्य आत्यानं उलथन्यानं उचलून माझ्यासमोर ठेवलं. पाक निवला की खूप आकसतो. पितळ त्याच्याइतकं नाही, पण बऱ्यापैकी आकसतं. काच जवळजवळ नाहीच, आणि तेच तर दुकानदारानं छातीवर हात ठेवून विकलं होतं! पाक चिकटलेला, घसरायला तूप नाही, तेव्हा तो ताणला जातो आणि फाटतो. सावकाश निववला तर सावकाश फाटतो. माझा थर आणि सिलिकॉन यांचं अगदी हेच. सातशे अंशांवर चिकटून बसले तोवर दोघं सुखी. खाली उतरताना थर आकसायला पाहतो, सिलिकॉन ढिम्म. आणि चकतीपुढे थर इतका पातळ की भांडण झालं तर जिंकणार कोण हे आधीच ठरलेलं. थर सगळीकडून आडवा ताणला जातो, आणि आडवं ताणल्यावर सुया आडव्याच पडणार!

मग उलटं केलं तर? थरापेक्षा जास्त आकसणारं ताट घेतलं तर? ते निवताना थराला बाजूंनी दाबेल. आमच्या पांढुर्णा–सौंसर बसमध्ये तिघांच्या सीटवर पाच कोंबले की कोणी आडवं होतं का? सगळे ताठ बसतात. काहींना तर श्वासही उभाच घ्यावा लागतो. तसं ताट होतं. मॅग्नेशियम ऑक्साइडची एक चकती, सरांच्या कपाटात, काचेच्या हवाबंद बरणीत, घराण्याच्या दागिन्यासारखी. सगळी मिळून एक.

"आत्या, परात दे. चिकटलेल्या पापडीसकट. नागपूरला न्यायची आहे."

"संक्रांतीच्या तोंडावर? परात?"

"माझी पीएचडी आहे तिच्यात."

आत्यानं परात दिली. पण सांगून ठेवलं की संक्रांतीच्या सकाळी परात घरी नसली तर मी पण येऊ नये.

सकाळच्या बसमध्ये माझ्या मांडीवर परात आणि परातीवर ट्रे. कंडक्टर थांबून म्हणाला, "मॅडम, ये सवारी है या सामान?" मी म्हटलं, "सबूत है." त्यानं पुढे विचारलं नाही, मात्र सावनेरपर्यंत बसमधल्या सगळ्यांना कळलं होतं की मागच्या सीटवरच्या बाईनं परातीनं कोणाचा तरी खून केला आहे.

सरांच्या टेबलावर मी दोन्ही ठेवलं आणि सगळं सांगितलं. गोधडीसकट. सरांनी चष्मा वर केला. ट्रेवरच्या भेगा पाहिल्या. परातीवर टिचकी मारली. काचेवरचा एक सुटलेला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि कडाकडा चावला.

"हे मला माहीत होतं," सर शेवटी म्हणाले.

"मलाही माहीत होतं सर. मी शिकवते."

"पण प्रस्तावात..."

"सर, प्रस्तावात सिलिकॉन आहे. समितीपुढे सिलिकॉन ठेवलं तर तडे ठेवू. प्रस्ताव राहील, मी जाईन."

सरांनी दुसरा तुकडा उचलला. मला वाटतं निर्णय पहिल्या तुकड्याला झाला होता, दुसरा निव्वळ आवडला म्हणून. ते उठले, कपाट उघडलं आणि बरणी माझ्या हातात दिली. "एकच आहे," म्हणाले. "पडली तर परात घेऊन परत येऊ नकोस."

नखाएवढी चकती मी चिमट्यानं यंत्रात बसवली. थर चढला. थंड करताना मी घाई केली नाही, पण लाडही केले नाहीत. काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. एक तडा नाही. मी भिंगं पुसून पुन्हा पाहिलं, मग डोळे पुसून. मग वरून विजेचा दाब दिला, उलटा दिला, आणि पडद्यावर ती मरतुकडी रेघ हळूच मधून फुगली. लूप फार देखणा नव्हता. एका बाजूला कलंडलेला, आत्याच्या पहिल्या पुरणपोळीसारखा. पण उघडला होता. सर मागे उभे होते. त्यांनी चष्मा वर केला नाही, काढलाच.

परात संक्रांतीच्या सकाळी साडेसहाला पांढुर्ण्याला पोचली. आत्यानं ती आतल्या बाजूनं शेकली, पापडी अलगद सुटली, आणि तीच हळदीकुंकवाला वाटली. पांढुर्ण्याच्या बायकांनी माझा पुरावा खाऊन टाकला.

समितीत तिघे होते. दोघांनी लूप पाहून मान डोलावली. तिसरे, बाहेरून आलेले, प्रस्तावाची प्रत काढून म्हणाले, "पण इथे तर सिलिकॉन लिहिलं आहे."

सरांचं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आलं होतं. पण उत्तर सरांनीच दिलं. म्हणाले, "लिहिलं होतं. चूक लिहिलं होतं. आम्ही थराचा अभ्यास करत होतो, करायला हवा होता ताटाचा." मग मी सिलिकॉनवरचे तडकलेले थर एकेक करून मांडले, वेगवेगळ्या वेगानं थंड केलेले, माझ्या चुकलेल्या बसांचा सगळा हिशेब. सारखे तडकलेले. दोन वर्षांचं अपयश असं ओळीनं ठेवलं की ते अभ्यासासारखं दिसतं, हे मला तिथंच कळलं. बाहेरचे गृहस्थ ओळीच्या टोकापर्यंत पाहत गेले आणि म्हणाले, "मग प्रबंधाचं नाव बदला. ताटांवरच करा." नोंदणी राहिली.

नाव बदललं. आता त्यात थरापेक्षा चकतीचं नाव आधी येतं, आणि ते इतकं लांब आहे की आत्या म्हणते, वाचेपर्यंत पाक निवतो. ऋणनिर्देशात मी पितळी परातीचे आभार मानले होते. सरांनी ते खोडलं. मग स्वतःच्या हातानं पुन्हा लिहिलं, 'पितळी पृष्ठभाग' असं.

राहिला नवस. आईनं तो सोडला नाही. मी म्हटलं, आई, सुया मॅग्नेशियम ऑक्साइडनं उभ्या केल्या. ती म्हणाली, "त्या कपाटातल्याची आठवण कोणं करून देल्ली?" सौंसरहून जामसांवली अनवाणी चालताना माझ्या तळव्यांनी डांबराची अशी ओळख करून घेतली की त्यावर दुसरा प्रबंध होईल. मागून आई, आत्या आणि आत्याच्या डोक्यावर स्टीलचं ताट, तिळपापडीचं.

मारुती आडवाच होता. माझ्या सुयांमुळे त्याच्या झोपेत काही फरक पडलेला दिसला नाही. पुजाऱ्यानं प्रसाद घ्यायला ताटात हात घातला आणि थांबला. पुन्हा ओढून पाहिलं. पापडी हलेना.

आत्यानं हळूच माझ्याकडे मान वळवली. देवासमोर होती म्हणून तोंड बंद ठेवलं तिनं, पण डोळे बोलले. काल ताटाला तूप लावायचं काम पुन्हा माझ्याकडेच होतं, आणि मी पुन्हा काकूंना लूप समजावत होते.

पुजारी नारळ फोडायच्या दगडाकडे पाहू लागला. मी मात्र वाकून ताट उन्हाकडे तिरपं केलं आणि कडेपासून कडेपर्यंत पाहून घेतलं. चिकटली होती, पण एकही तडा नव्हता.

"गरम करा खालून," मी पुजाऱ्याला म्हटलं. "सुटेल."